वेबसाइट आहे, पण फोन का वाजत नाही?

"पंचवीस हजार देऊन वेबसाइट काढली. दोन वर्षं झाली. तिच्यावरून एक गिऱ्हाईक आलं नाही. बंद करून टाकू का?"

हा प्रश्न मला वणीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी विचारलाय, पुसदच्या हळदवाल्यांनी विचारलाय आणि दारव्ह्याच्या कृषी केंद्रवाल्यांनीही. आकडा बदलतो, कुणाचे आठ हजार गेलेले असतात, कुणाचे साठ. शेवटचं वाक्य मात्र तेच. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

उत्तर देण्याआधी मी समोरच्याचाच मोबाइल मागतो आणि त्यांची वेबसाइट त्यांच्या देखत उघडतो. कळंब रस्त्यावरच्या एका जिनिंग-प्रेसिंगची अशीच उघडली. आधी बराच वेळ पांढरा पडदा. मग 'वेलकम टू अवर वेबसाइट' सरकत सरकत आलं. खाली पिवळी हेल्मेट घातलेल्या गोऱ्या माणसांचा फोटो, त्यांच्यामागे कापूस वेचणारं अजस्र यंत्र. त्याखाली 'आमचे ध्येय' आणि 'आमची दृष्टी' यांचे दोन परिच्छेद. फोन नंबर होता, पण चित्रात रंगवलेला. त्यावर कितीही बोट दाबलं तरी फोन लागेना. मालक म्हणाले, "डिझाइन तर भारी आहे ना?" डिझाइन भारीच होतं. फक्त कोइमतूरच्या सूतगिरणीत बसलेल्या खरेदी अधिकाऱ्याला त्यातून कामाची एकही गोष्ट कळत नव्हती.

आधी ठरवा: तुम्हाला वेबसाइट लागते का?

सगळ्यांनाच लागत नाही. तुमचं गिऱ्हाईक कुठून येतं आणि तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी त्याला काय विचारायचं असतं, यावर ते ठरतं.

- गिऱ्हाईक गावातलं, फार तर तालुक्यातलं: हार्डवेअर, सलून, मेस, मोबाइल दुरुस्ती. तुम्ही आधी गूगल बिझनेस प्रोफाइल भरा. ते फुकट आहे. पडताळणी बहुतेकदा व्हिडिओने होते, त्यात दुकानाची पाटी, समोरचा रस्ता आणि आतला माल दाखवावा लागतो. जोडीला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधला कॅटलॉग. एवढ्यावर वर्षभर चालवून पाहा.
- गिऱ्हाईक बाहेरगावचं, सौदा मोठा, चौकशी आधी फोनवर: जिनिंग, दालमिल, तेलघाणी, लोहारा एमआयडीसीतले छोटे कारखाने, शेतकरी उत्पादक कंपन्या. तुम्हाला वेबसाइट लागते, पण चार पानांची पुरते.
- पाकीटबंद माल थेट घरोघरी विकायचा आहे: हळद, तूरडाळ, मसाले. तुम्हाला पुढेमागे ऑनलाइन दुकान लागेल. सुरुवात साध्या पानावर माल दाखवून, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पैसे यूपीआयने घेऊन करा. महिन्याला पन्नासेक ऑर्डरी यायला लागल्या की मग गाडा वाढवा.

"मग फुकटातच भागवतो, वेबसाइट कशाला?" असंही काही जण म्हणतात. एक गोष्ट लक्षात ठेवा. गूगलने बिझनेस प्रोफाइलबरोबर एक पानाची फुकट वेबसाइट देण्याची सोय ठेवली होती. मार्च २०२४ मध्ये ती त्यांनी बंद केली. ज्यांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, पोत्यांवर छापला होता, त्यांची छपाई वाया गेली. दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेलं दुकान ओटेवाल्याच्या मर्जीवर चालतं. माल विकणाऱ्या मोठ्या पोर्टलांचंही तसंच. तिथे जरूर जा, पण स्वतःच्या नावाचा एक पत्ता हातात ठेवा.

डोमेन कोणाच्या नावावर आहे?

वेबसाइट चालत नाही यापेक्षा मोठी गोची इथे असते, आणि ती तीन-चार वर्षं कळतच नाही. माझ्याच नात्यातल्या एका व्यवसायाचं हे झालं. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, बनवून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या नावावर घेतला होता. मनात काही काळंबेरं नव्हतं. काम पटकन व्हावं म्हणून. पुढे तो पुण्याला नोकरीला गेला, जुना नंबर बंद झाला, नूतनीकरणाची पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली. एके दिवशी वेबसाइट गेली. आमच्या बिलबुकावर, ट्रकच्या ताडपत्रीवर तोच पत्ता. आम्हाला दुसरं नाव घ्यावं लागलं आणि ताडपत्र्या पुन्हा रंगवाव्या लागल्या.

आज रात्री घरी गेल्यावर एवढं करा. 'हू-इज' तपासणीच्या कुठल्याही पानावर तुमचा डोमेन टाका. नोंदणी कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे आणि मुदत कधी संपते, हे तिथे दिसेल. नाव बऱ्याचदा झाकलेलं असतं; ते रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करून पाहावं लागतं. लॉगिन तुमच्याकडे नसेल, तर तेच तुमचं उत्तर.

डोमेन तुमच्या हाती आहे असं कधी म्हणायचं?

1. नोंदणीधारक म्हणून तुमचं किंवा कंपनीचं नाव आहे.
2. खात्याचा ईमेल तुमचा आहे. मॅनेजरचा नाही, पुतण्याचा नाही.
3. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो.
4. नूतनीकरणाचे पैसे तुमच्या खात्यातून जातात.

बनवणाऱ्याच्या नावावर असेल तर भांडायला जाऊ नका. आधी लेखी, म्हणजे ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, मागणी करा: नोंदणीधारकाचं नाव बदलून द्या, किंवा ट्रान्सफरचा ऑथ कोड द्या. हा कोड मिळाला की डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडच्या तुमच्या खात्यात नेता येतो. दहातल्या आठ वेळा एवढ्यावर काम होतं, कारण समोरच्यालाही ते लचांड नको असतं. देत नसेल तर भरलेल्या पैशांच्या पावत्या, जुने मेसेज, तुमचं नाव छापलेली बिलं गोळा करा, रजिस्ट्रारकडे तक्रार करा आणि वकिलामार्फत नोटीस द्या. डॉट इनच्या डोमेनसाठी निक्सी या संस्थेची वादनिवारणाची पद्धत आहे, तिथे लवाद निर्णय देतो. त्या नावावर तुमचा हक्क आहे आणि समोरच्याने ते वाईट हेतूने धरून ठेवलंय, हे तुम्हाला दाखवावं लागतं. नावाचा ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर हे सोपं जातं. खर्च होतो, वेळ जातो. म्हणून हा शेवटचा मार्ग.

डोमेनची मुदत संपली म्हणजे तो लगेच हातचा जात नाही. आधी थोडे दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं. नंतरच्या काळात, डॉट कॉमच्या बाबतीत तो ३० दिवसांचा असतो, दंडाची मोठी रक्कम भरून परत घेता येतो. त्यानंतर तो बाजारात मोकळा होतो.

डॉट कॉम की डॉट इन, हाही प्रश्न येतो. मिळेल ते घ्या, दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्या. देवनागरीतला डॉट भारत २०१४ पासून मिळतो. पाटीवर झकास दिसतो, पण तो टाइप करत बसणारे थोडे. हौस म्हणून जोडीला असू द्या.

पहिल्या पानावर काय असावं

शकुंतला रेल्वे आठवा. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद वाट इंग्रज कंपनीने घातली ती आपला कापूस बंदराकडे न्यायला. पलीकडच्या गिरणीवाल्याने यवतमाळ कधी पाहिलं नव्हतं. तो नमुना पाहायचा, गाठीवरचा मार्का पाहायचा आणि सौदा करायचा. आजही दूरचा खरेदीदार तेच करतो. वेबसाइटचं पहिलं पान म्हणजे तुमचा नमुना आणि मार्का. तिथे 'ध्येय' कशाला?

जिनिंगवाल्यांसाठी सांगतो, कारण हे उदाहरण मला जवळून माहीत आहे. सूतगिरणीचा माणूस फोनवर पहिल्या दोन मिनिटांत जे विचारतो तेच पानावर लिहा: रुईची स्टेपल लांबी किती मिलिमीटर, मायक किती ते किती, आरडी, ट्रॅश किती टक्के, ओल किती, १७० किलोची गाठ, दिवसाला किती गाठी निघतात, हंगाम कधी सुरू, कधी बंद. टेक्स्टाइल्स कमिटीचं स्टार मानांकन असेल तर ते आणि प्रमाणपत्राचा फोटो. 'कस्तुरी कॉटन भारत'मध्ये नोंद असेल तर ती वरच्या ओळीत, कारण त्या गाठीवरचा क्यूआर कोड पाहून माल कुठला हे कळतं आणि असा माल शोधणारे खास असतात. सरकी, ढेप विकता का? तेही लिहा. सरकीचे गिऱ्हाईक वेगळे, त्यांच्यासाठी नंबरही वेगळा ठेवा.

फोटो तुमच्याच आवाराचे हवेत. गंजीवर उतरणारा कापूस, प्रेसमधून निघालेली गाठ, वजनकाटा. जरा धूळ दिसली तरी चालेल. परदेशी कारखान्याचा उसना फोटो जाणकाराला एका नजरेत कळतो, आणि मग बाकीचं खरं असलं तरी त्याला खोटं वाटायला लागतं.

दुसऱ्या धंद्यांचंही सूत्र हेच. महिनाभर एक वही फोनशेजारी ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येक फोनवर काय विचारलं ते लिहा. ज्या पाच-सात प्रश्नांखाली रेघा वाढतील, त्यांची उत्तरं म्हणजे तुमचं पहिलं पान. एका दालमिलवाल्यांच्या वहीत सगळ्यात जास्त रेघा "कमीत कमी किती पोती देता?" या प्रश्नाखाली होत्या. त्यांच्या वेबसाइटवर ते कुठेही नव्हतं. लिहिल्यावर फोन कमी झाले आणि सौदे वाढले. निष्कारण विचारणारे गळून गेले.

टिपेश्वर अभयारण्याजवळ निवासाची सोय करणाऱ्यांचे प्रश्न निराळे. पाहुणे नागपूर आणि हैदराबादकडून येतात. पांढरकवडा या दोन शहरांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. त्यांना विचारायचं असतं: तुमच्याकडून सुन्ना गेट जवळ की माथनी गेट, पहाटे किती वाजता निघावं लागतं, पावसाळ्यात सफारी कधी बंद असते, जेवण काय. वन विभागाच्या सफारीचं आरक्षण वेगळं होतं, हे ठळक लिहा. तुमचं पान सरकारी वाटेल असं काही करू नका. ज्या टिपेश्वरातून निघालेल्या एका तरुण वाघाने २०१९ मध्ये तेराशेक किलोमीटर चालून बुलढाण्याचं ज्ञानगंगा गाठलं, त्या जंगलाची गोष्ट सांगायला तुमच्याकडे परदेशी जंगलांचे फोटो लावायची गरज पडू नये.

पत्ता: आपल्या गावांची नावं दगा देतात

हा मुद्दा यवतमाळकरांसाठी खास. त्याच जिनिंगच्या पानावर पत्ता होता 'कळंब, महाराष्ट्र'. कळंब धाराशिव जिल्ह्यातही आहे. वणी म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला सप्तशृंगीची, नाशिककडची वणी आठवते. आर्णी तमिळनाडूत आहे आणि ती रेशमी साड्यांसाठी नावाजलेली. नेर धुळ्याकडेही आहे. ट्रकवाला चुकला तर डिझेल कुणाचं?

- प्रत्येक ठिकाणी तालुका, 'जि. यवतमाळ' आणि ४४५ने सुरू होणारा पिनकोड लिहा. नकाशाची लिंक फाटकावर उभं राहून घ्या.
- पांढरकवडा आणि केळापूर यांचा गोंधळ असेल तर दोन्ही लिहा. तालुक्याचं नाव केळापूर, ठाणं पांढरकवड्याला. सरकारी कागदावर एक आणि नकाशावर दुसरं दिसतं.
- जीएसटी नोंदणी, गूगल प्रोफाइल, वेबसाइट, बिल या चारही ठिकाणी फर्मचं नाव, पत्ता आणि फोन अक्षर न अक्षर सारखा ठेवा.
- इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा. इंग्रजांच्या काळात आपलं गाव 'येवतमाळ' असं लिहिलं जायचं, जुन्या कागदांत ते अजून सापडतं. नव्या पाटीवर ते नको.

भाषा कोणती?

विकत घेणाऱ्याची. सूतगिरणीसाठी इंग्रजी, मध्य प्रदेशातल्या व्यापाऱ्यासाठी हिंदी, गावातल्या शेतकऱ्यासाठी मराठी. वणी, झरी, पांढरकवड्याकडच्या मंडळींचा आदिलाबादशी रोजचा व्यवहार असतो. त्यांनी तेलुगूत एक पान करून पाहावं. भाषांतर यंत्राकडून करून घेतलंत तर छापण्याआधी ती भाषा बोलणाऱ्या माणसाला वाचायला द्या. 'सरकी'चं भलतंच काहीतरी झालेलं मी पाहिलंय.

आणि शेतकऱ्यांसाठी लिहिताना शासकीय मराठी नको. 'कापूस खरेदी सुरू. काटा सकाळी ८ ते सायंकाळी ६. चुकारा खात्यावर.' बस्स.

रेंज नसलेल्या ठिकाणी उघडून पाहा

तुम्ही वेबसाइट पाहता ती ऑफिसातल्या वायफायवर, मोठ्या स्क्रीनवर. गिऱ्हाईक पाहतं ते मोबाइलवर, कधी घाटंजी-झरीच्या दऱ्याखोऱ्यांत, एक दांडी रेंज असताना. गूगलही आता तुमच्या पानाची मोबाइलवरचीच आवृत्ती पाहून क्रमवारी ठरवतं. त्यामुळे बस स्टँडवर उभे राहा, वायफाय बंद करा आणि हे तपासा:

- मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसतो का? गूगलनेच ठरवलेलं हे माप आहे. 'पेजस्पीड इनसाइट्स' हे त्यांचं साधन फुकटात मोजून देतं.
- नंबरवर बोट ठेवलं की फोन लागतो का? व्हॉट्सअ‍ॅपच्या चिन्हावर दाबलं की तुमचीच चॅट उघडते का?
- ब्राउझरमध्ये 'असुरक्षित' असं दिसतं का? दिसत असेल तर एसएसएल प्रमाणपत्र नाही. ते फुकटही मिळतं. त्याचे वेगळे पाच हजार मागणाऱ्याला कारण विचारा.
- चौकशीचा फॉर्म भरून पाठवा. तो ईमेल तुमच्यापर्यंत येतो का? मी तपासलेल्या कितीतरी वेबसाइटींचे फॉर्म बनवणाऱ्याच्याच ईमेलवर जात होते.

पान जड होण्याचं कारण नव्वद टक्के वेळा फोटो. मोबाइलने काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच चढवतात. तो दोनशे केबीपर्यंत आणला तर डोळ्यांना फरक कळत नाही. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि गाणं तर काढूनच टाका.

कायद्याने काय लिहावंच लागतं

तुमची प्रायव्हेट लिमिटेड असो की शेतकरी उत्पादक कंपनी, तुम्ही कंपनी कायद्याखाली आहात. गावातल्या उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना हे बऱ्याचदा माहीत नसतं. कंपनीची वेबसाइट असेल तर मुख्यपानावर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन क्रमांक, फोन, ईमेल आणि तक्रार-चौकशीसाठी कोणाशी बोलायचं त्या व्यक्तीचं नाव द्यावं लागतं. २०१४ च्या कंपनी स्थापना नियमांतला २६ वा नियम तो हा. मालकी किंवा भागीदारीच्या फर्मला हा नियम नाही, पण तुम्हीही दिलंत तर परक्या खरेदीदाराचा विश्वास बसतो. जीएसटी क्रमांकही द्या. कोइमतूरचा माणूस तो आधी तपासतो.

ऑनलाइन विकणार असाल तर काम वाढतं. २०२०च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क पानावर हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पाकीटबंद मालासाठी एमआरपी, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता, मूळ देश हे पाकिटावर आहेच, ते पानावरही दिसायला हवं. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा क्रमांक. माल परत घेण्याचे नियम साध्या मराठीत लिहा. पेमेंट गेटवेवाले खातं देण्याआधी हे पान मागतातच.

जीएसटीत एक खाच आहे. राज्यात विकताना उलाढाल मर्यादेखाली असेल तर नोंदणी लागत नाही, पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवलात की हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडून नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो. आदिलाबाद आपल्याला शेजारचं गाव वाटत असलं तरी ते दुसरं राज्य आहे. पहिलं पार्सल पाठवण्याआधी सीएंशी बोला.

बनवून घेताना कागद करा

"ओळखीचा पोरगा आहे, कागद कशाला?" ओळखीचा आहे म्हणूनच. स्टॅम्प पेपर नको. एका ईमेलमध्ये खालचं लिहून दोघांनी 'मान्य' म्हटलं तरी पुष्कळ झालं.

- डोमेन आणि होस्टिंग ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या ईमेलवर.
- सगळे पासवर्ड काम संपताना सुपूर्द.
- किती पानं, कोणत्या भाषा, मजकूर कोण देणार, मुदत किती.
- पैसे टप्प्यात. अर्धे आधी, अर्धे वेबसाइट चालू झाल्यावर, फोन-फॉर्म तपासल्यावर. १८ टक्के जीएसटी रकमेत धरलाय की वर, हे आधीच विचारा.
- दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे किती, आणि त्यात नेमकं काय.
- कॉपीराइट. इथे बहुतेक जण चुकतात. पैसे दिले म्हणजे काम आपलं झालं, असं सरसकट नाही. पगारी नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं. पैसे देऊन काढून घेतलेले फोटोही तुमचे. पण बाहेरच्या माणसाला काम दिलं तर मजकूर आणि कोड यांचा पहिला हक्क त्याचाच राहतो, तो लेखी हस्तांतरित व्हावा लागतो. आणि हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो. म्हणून वाक्य असं लिहून घ्या: 'या कामातील सर्व कॉपीराइट संपूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी ग्राहकाकडे हस्तांतरित.'

काम अर्धवट टाकून कुणी गायब झालं तर ग्राहक आयोगात जाता येईल का? धंद्यासाठी घेतलेली सेवा असेल तर सहसा नाही. मात्र तुम्ही स्वतः राबून, पोटापाण्यापुरता व्यवसाय करत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो, आणि तक्रार ऑनलाइन, घरबसल्या करता येते. मोठ्या फर्मसाठी रस्ता दिवाणी दाव्याचा. तिथे जाण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने पैसे देणं स्वस्त.

"गूगलमधून बोलतोय"

असे फोन तुम्हालाही येत असतील. 'तुमची लिस्टिंग उद्या बंद होणार, नऊशे नव्याण्णव भरा.' बिझनेस प्रोफाइलला पैसे लागत नाहीत. ओटीपी मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा. तास-दोन तासांत कळवलं तर रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता राहते.

दुसरा प्रकार जरा सभ्य असतो: 'महिन्याला इतके द्या, पहिल्या क्रमांकावर आणून देतो, गॅरंटी.' अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं. विकतचे रिव्ह्यू घेऊ नका. यवतमाळच्या कृषी केंद्राला एकाच दिवशी बाहेरच्या राज्यांतून तीस जणांनी पाच तारे दिले, तर गिऱ्हाईकालाही कळतं. त्यापेक्षा बिल देताना गिऱ्हाईकाला म्हणा, "भाऊ, दोन ओळी लिहा." चारांतला एक लिहितो.

फायदा होतोय का, हे कसं कळणार?

'हिट्स' विसरा. महिन्याला दोन हजार जण येऊन गेले, यातून काही कळत नाही. त्यांत निम्मी यंत्रं असतात. वेबसाइटवर वेगळा मोबाइल नंबर द्या. त्यावर आलेला फोन म्हणजे वेबसाइटचा फोन, एवढं सोपं. ते जमत नसेल तर बिलबुकात एक रकाना वाढवा: 'कुठून कळलं?' गल्ल्यावर बसणाऱ्याला तो भरायची सवय लागायला महिना जातो, पण लागते.

मग हिशेब मांडा. समजा डोमेन, होस्टिंग, देखभाल मिळून वर्षाला १२,००० जातात आणि एका ऑर्डरमागे तुम्हाला ६०० सुटतात. वर्षाला २० ऑर्डरी वेबसाइटवरून आल्या तर खर्च निघाला. जिनिंगवाल्याला एक गाडी माल नव्या गिरणीला गेला तरी पुरे.

गूगलचं 'सर्च कन्सोल' फुकट आहे, बनवणाऱ्याकडून जोडून घ्या. लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले, ते शब्द त्यात दिसतात. एका हळदवाल्यांना त्यात 'हळद पावडर' सापडली नाही, 'हळकुंड होलसेल' सापडलं. त्यांच्या पानावर हळकुंडाचा उल्लेखच नव्हता, पावडरच होती. एक पान वाढवलं. सहा महिने थांबा, त्याआधी निकाल लावू नका. नव्या पानाची गूगलला ओळख पटायला वेळ लागतो.

सहा महिन्यांनीही त्या नंबरवर फोन आला नाही, तर बंद करायला हरकत नाही. होस्टिंग बंद करा, देखभाल बंद करा. डोमेन मात्र सोडू नका, वर्षाला हजाराच्या आतबाहेर खर्च आहे. तुमचं नाव दुसऱ्याने घेऊन त्यावर काय लावलं, हे तुमच्या हातात राहत नाही.

देखभाल हंगामाप्रमाणे

कंपन्यांना 'दर महिन्याला अपडेट करा' असं सांगतात, ते आपल्याकडे कुणी करत नाही. हंगाम धरा. कृषी केंद्र असेल तर मे अखेरीस बियाण्यांचं पान नवं हवं, जिनिंगचं दिवाळीआधी, हळदीचं उन्हाळ्यात काढणी-उकळणी झाल्यावर. भाव पानावर लिहिणार असाल तर तारीख टाका, नाहीतर लिहूच नका. मागच्या वर्षीच्या भावाचा स्क्रीनशॉट घेऊन गिऱ्हाईक गल्ल्यावर उभं राहिलं की वाद होतो.

लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडाल, तेव्हा आतल्या पानावर डोमेनचं नाव, रजिस्ट्रार, मुदत संपण्याची तारीख आणि पासवर्ड घरात कुणाकडे आहे, एवढं लिहून ठेवा. पासवर्ड मात्र वहीत नको. आणि मुख्यपानावर मागच्या दिवाळीच्या शुभेच्छा अजून लटकत असतील, तर त्या त्याच संध्याकाळी उतरवा.